चोर, कुत्रा आणि बिस्किट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात कोवलम येथील कौटुंबिक सहलीत केलेले भाषण)



भोजनोत्तर भाषण करणे हे वक्त्याच्या दृष्टीने जोखमीचे काम असते. त्यातून समोर समुद्र, डोक्यावर सुरूच्या झाडांची सावली आणि पोटात मंडळाच्या भगिनीवर्गाने केलेला मसालेभात! कार्यकारिणीने आम्हाला विषय दिलेला नव्हता. 'कोणी झोपणार नाही असे काही बोला,' एवढीच सूचना होती. विषय आम्हाला आज सकाळी बसमध्ये मिळाला, आणि तो देणारे गृहस्थ अवघे आठ वर्षांचे आहेत.

झाले असे की, गेल्या रविवारी मंडळाच्या सभागृहात मुलांना एक फ्रेंच विनोदी चित्रपट दाखविण्यात आला. चोरांची एक टोळी, कुत्र्यांची एक फौज आणि त्या दोहोंच्या मध्ये सापडलेले एक साधेभोळे कुटुंब, असा तो सगळा मामला. भाषा कोणालाच कळत नव्हती. तरी आजोबांपासून नातवापर्यंत सगळे पोट धरधरून हसले. आज बसमध्ये मुलांची तीच चर्चा चालू होती. त्यांना थोडे शांत करावे म्हणून आम्ही कोवलमच्या किल्ल्याची गोष्ट सांगावयास घेतली. ती संपताच या बालमित्राने विचारले, "काका, त्या किल्ल्यात एकही कुत्रा नव्हता का?"

सगळी बस हसली. आम्हीही हसलो, पण हसून झाल्यावर विचारात पडलो. तो विचारच आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

प्रथम ती गोष्ट सांगतो. हे कोवलम म्हणजे केरळातील प्रसिद्ध कोवळम नव्हे. हे चोलमंडल किनाऱ्यावरचे, चेन्नईच्या दक्षिणेचे कोळ्यांचे गाव. आज येथे चर्च आहे, दर्गा आहे, लाटांवर फळ्या घेऊन खेळणारी तरुण मंडळी आहेत. अठराव्या शतकात मात्र येथील बंदरावर युरोपातील व्यापाऱ्यांचा डोळा होता. कर्नाटकच्या नवाबाने येथे एक किल्ला बांधला होता. त्या ठाण्यास सआदत बंदर असे म्हणत. १७५० साली एक फ्रेंच जहाज या किनाऱ्यासमोर येऊन थांबले आणि संकटात असल्याच्या खुणा करू लागले. किनाऱ्यावरची माणसे होडीतून गेली, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, बहुतेक खलाशी रोगाने मेले आहेत, उरलेल्यांना जमिनीवर घेतले नाही तर तेही मरतील. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, नवाबाच्या अधिकाऱ्याने परवानगी दिली ती निव्वळ भूतदयेपोटी नव्हे. या उपकाराचा मोबदला बरा मिळेल अशी त्याला आशा होती. मग रोगट दिसणारे काही फ्रेंच किल्ल्यात आले. अंगावरच्या कपड्यांखाली शस्त्रे होती. रात्री हे 'मरणोन्मुख' रुग्ण उठले आणि त्यांनी पहारेकऱ्यांस लोळवून किल्ला ताब्यात घेतला.

पुढे १७५२ साली रॉबर्ट क्लाइव्ह येथे चालून आला. त्याचे सैन्य इतके नवशिके होते की, पहिल्या गोळीबरोबर पळापळ झाली आणि एक शिपाई दुसऱ्या दिवशी विहिरीच्या तळाशी सापडला म्हणतात. तरीही किल्ला पडला आणि त्याचे तट सुरुंग लावून उडवून देण्यात आले. म्हणजे फ्रेंच लोकांनी या किनाऱ्यावर एक विनोदी चोरपट सिनेमाचा शोध लागण्यापूर्वी जवळजवळ दीडशे वर्षे करून दाखविला होता! त्यात वेषांतर होते, खोटा खोकला होता, मध्यरात्रीची गडबड होती. उणीव होती ती फक्त कुत्र्याची. आमच्या बालमित्राने नेमके तेच हेरले.

चोरांच्या गोष्टीत कुत्रा का लागतो, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. चोराची सारी विद्या दिसण्यावर चालते. तो भटजी होतो, डॉक्टर होतो, विमा एजंट होतो, कोवलमला आला तर रोगी होतो. माणसे कपडे पाहतात, बोलणे ऐकतात आणि फसतात. कुत्रा कपडे पाहत नाही. त्याचा भरवसा नाकावर असतो, आणि नाकाला मुखवटा कळत नाही. म्हणून अशा कथेत घरातील सर्व शहाणी माणसे फसलेली असतात आणि सत्य ठाऊक असते ते फक्त एका मुक्या जनावराला. ते बिचारे ओरडून सांगते आणि घरचेच त्याला 'गप्प बस' म्हणून दटावतात. या प्रसंगाला फ्रान्समध्ये जितके हसू येते तितकेच माटुंग्यात आणि चेन्नईतही येते.

ही कल्पना फ्रेंचांची नव्हे, आपलीच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, १०८ व्या सूक्तात, सरमा या देवशुनीची कथा आहे. पणींनी गाई पळवून दडवून ठेवल्या. इंद्राने सरमेला शोधावयास पाठविले. रसा नदी ओलांडून ती चोरांच्या ठिकाणापर्यंत पोचली. तेव्हा पणींनी काय केले? तिला बहीण मानण्याची आणि गाईंतला वाटा देण्याची लालूच दाखविली. सरमेने ती साफ नाकारली. जगातील चोर आणि कुत्रा यांचा बहुधा हा सर्वांत जुना संवाद असावा, आणि त्यात चोराचे पहिले हत्यार काठी नसून आमिष आहे, हे ध्यानात घ्यावे. पुढच्या काळातील 'बृहद्देवता' ग्रंथात मात्र हीच सरमा पणींचे दूध पिते आणि इंद्राशी खोटे बोलते. आम्हाला वाटते, लाच न घेणारे जनावर माणसाच्या फार काळ पचनी पडले नसावे!

फ्रान्समध्ये माँतार्जीच्या कुत्र्याची दंतकथा आहे. धन्याचा खून करणाऱ्यास त्या कुत्र्याने ओळखले आणि राजासमोर द्वंद्व करून गुन्हा उघड केला, अशी ती कथा. पिक्सेरेकूर या नाटककाराने १८१४ मध्ये पॅरिसला तिचे नाटक केले आणि ते युरोपभर गाजले. जर्मनीतील वायमार येथे महाकवी गटे नाट्यगृहाचे संचालक होते. कुत्रा रंगभूमीवर आणण्यास त्यांचा विरोध होता; तो डावलून १८१७ साली प्रयोग झाला आणि गटे यांना ते पद सोडावे लागले. एका कुत्र्याने महाकवीला नाट्यगृहातून बाहेर काढल्याचे दुसरे उदाहरण नसेल.

सिनेमाचा जन्मही फ्रान्समधलाच. १८९५ साली ल्युमिएर बंधूंनी आपल्या लिआँ येथील कारखान्यातून कामगार बाहेर पडत असल्याचे चित्र घेतले. मिनिटभराचे ते चित्र आज पाहावयास मिळते. दरवाजा उघडतो, बायकापुरुष घाईने बाहेर पडतात, आणि त्यांच्यामध्ये एक कुत्रा कोणी न बोलावता हिंडत असतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर यांचा पहिला खेळ झाला. त्यातही कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचे चित्र होते. हे नवे आश्चर्य पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, इतके भारले की त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला. १८९९ मध्ये त्यांनी दोन चित्रे घेतली. एक कुस्तीचे होते. दुसरे होते माकडांचा खेळ करणाऱ्याचे. म्हणजे मराठी माणसाने कॅमेरा हाती घेताच दुसऱ्याच खेपेस जनावर पडद्यावर आणले. आणि का आणू नये? १८८० मध्ये भारतीय सर्कस सुरू करणारे विष्णुपंत छत्रेही आपलेच.

चोर आणि कुत्रा यांचे खरे कुटुंबपट मात्र इंग्लंडमध्ये निघाले. १९०५ साली सेसिल हेपवर्थ यांनी 'रेस्क्यूड बाय रोव्हर' हा छोटा चित्रपट केला. तान्हे मूल भिकारीण पळवून नेते, घरचा कुत्रा माग काढतो, धन्याला ओढत तेथे नेतो आणि मूल परत येते. कथा हेपवर्थ यांच्या पत्नीची, मूल त्यांचेच आणि कुत्राही घरचाच. लोकांनी तो इतका पाहिला, त्याच्या इतक्या प्रती काढाव्या लागल्या, की मूळ फीत झिजून गेली आणि सारा चित्रपट पुन्हा दोनदा घ्यावा लागला. १९१८ च्या 'अ डॉग्ज लाइफ'मध्ये चॅप्लिनने चोरांनी पुरलेले पैशाचे पाकीट आपल्या कुत्र्याकडून उकरून काढविले. आणि फ्रान्सच्या झाक ताती यांनी १९५८ च्या 'मों ओंक्ल'मध्ये चोराविनाही गंमत साधली. श्रीमंत घरातले अंगात कोट घातलेले कुत्रे गल्लीतल्या बेवारशी कुत्र्यांबरोबर उनाडक्या करून येते. आणि एकदा त्याच्या येण्याने गॅरेजचे विजेवर चालणारे दार बंद होऊन मालक आणि मालकीणबाई आतच अडकतात!

आता तुम्ही म्हणाल, हे सारे ठीक. पण आपण घरापासून शेकडो कोस दूर राहणारी माणसे, आपला याच्याशी काय संबंध? तो संबंध सांगण्यासाठी आम्हाला घरची एक गोष्ट सांगावी लागेल. ती आम्ही आजवर कोणापाशी बोललो नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमची पहिली नेमणूक याच शहरी झाली, तेव्हा आम्ही सरकारी वसाहतीत राहत होतो. आमचा मुलगा तेव्हा असाच सात-आठ वर्षांचा होता. त्याला तामिळ येत नव्हते आणि वसाहतीतल्या मुलांना मराठी येत नव्हते. त्याचा पहिला मित्र झाले ते जिन्याखाली राहणारे एक पिवळट रंगाचे पिल्लू. दूधवाला त्याला 'मणी' म्हणे. तामिळनाडूत कुत्र्याचे ते घरोघरचे नाव. आमच्या घरात त्याचा 'मण्या' झाला. दोन्ही नावांना ते ओ देत असे. त्याच्या मागे धावता धावता मुलाला चार सवंगडी मिळाले, आणि तामिळही तो त्याच्यामुळेच शिकला. तामिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'. रात्री आम्ही रेडिओवर गाणे ऐकताना एखाद्या तानेला 'वा!' म्हणालो की मण्या जिन्याखालून धावत वर येऊन दारात उभा राही. गाण्याला इतकी तत्पर दाद देणारा श्रोता आम्हाला पुन्हा भेटला नाही.

तीन वर्षांनी बदलीचा हुकूम आला. नवे ठिकाण उत्तरेकडे, घर तिसऱ्या मजल्यावर, पंधरा दिवसांत रुजू व्हावयाचे. आमच्या सौ.नी एकदाच विचारले, "मण्याचं काय?" आम्ही म्हणालो, "बघू." सरकारी नोकरीत 'बघू' या शब्दाचा अर्थ काय होतो, हे येथे बसलेल्यांपैकी अनेकांस सांगावयास नको. मुलाला सांगितले की मण्या सामानाच्या ट्रकमधून मागाहून येणार आहे. निघण्याच्या दिवशी सकाळी त्याला पहारेकऱ्याच्या खोलीमागे बांधावयाचे होते. तो येईना. तेव्हा आम्ही बिस्किटाचा पुडा फोडला. एकेक बिस्किट टाकीत त्याला तिथवर नेले, आणि तो खात असताना गळ्यात दोरी अडकविली. सामान बांधून उरलेली सुतळी होती ती. पहारेकऱ्याच्या हातावर काही रुपये ठेवले आणि टॅक्सीत बसलो.

नव्या गावी ट्रक आला. मुलाने सामान उतरेपर्यंत फाटकाशी उभे राहून पाहिले. आम्ही काहीतरी कारण सांगितले. त्याने पुन्हा विचारले नाही, आणि आम्हाला वाटले, विसरला.

दोनतीन वर्षांनी एका रात्री दूरदर्शनवर असाच एक चोर-कुत्र्यांचा चित्रपट लागला होता. आम्ही तिघेही हसत होतो. चोर कुंपणावरून आत येतो, कुत्रा गुरगुरतो, चोर खिशातून खाऊ काढतो आणि 'ये, ये' म्हणून गोड बोलत त्याला पिंजऱ्याकडे नेतो, असा प्रसंग आला. मुलगा हसता हसता थांबला आणि आमच्याकडे न पाहता म्हणाला, "बाबा, तुम्हीही बिस्किटच दिलं होतंत."

त्यावर आम्ही काही बोललो नाही. चित्रपट पुढे चालू राहिला.

पुढे आठ वर्षांनी पुन्हा या शहरी बदली झाली, तेव्हा त्या वसाहतीत जाऊन आलो. पहारेकरी गावी निघून गेला होता. जुना दूधवाला भेटला. त्याने सांगितले की मणी दोरी चावून दुसऱ्याच दिवशी सुटला, कित्येक दिवस आमच्या जिन्याच्या पायरीवर बसे, मग भाजीच्या गाडीमागे हिंडू लागला आणि पुढे दिसेनासा झाला. दूधवाला आमच्यावर रागावला नव्हता. कुत्र्यांचे असेच व्हावयाचे, असा त्याचा सूर होता. त्याने आम्हाला अधिकच लाज वाटली.

बंधुभगिनींनो, या चित्रपटांत एक गोष्ट दाखवीत नाहीत. परका माणूस कुत्र्याला क्वचितच फसवू शकतो. त्याला खरोखर फसवू शकतो तो घरचाच माणूस. परक्याच्या हातातले बिस्किट तो हुंगून पाहतो, आपल्या माणसाचे नुसते खातो. मण्याचे नाक काही बिघडले नव्हते; आमचा वास त्याच्या ओळखीचा होता, एवढाच त्याचा अपराध.

आज येताना आपण तिरुवान्मियूरवरून आलो. तेथे कलाक्षेत्र आहे. त्याच्या संस्थापक रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत जनावरांच्या बाजूने विधेयक मांडले. त्या प्रयत्नांतून १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यान्वये १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच होत्या, आणि या मंडळाची कचेरी अनेक दशके याच शहरात होती. २००१ च्या नियमांनुसार आज चित्रपटात जनावर वापरावयाचे तर आधी परवानगी घ्यावी लागते. माकडांना तर १९९८ पासून खेळांतून मुक्तच केले आहे. सावेदादांना ते चित्र आज घेता आले नसते. पडद्यावरच्या कुत्र्यामागे अशी सरकारी देखरेख आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पण त्याच १९६० च्या कायद्यात आणखी एक कलम आहे. उपासमार किंवा तहान यांनी हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून जाणे हाही गुन्हा आहे. आम्ही केंद्र सरकारची नोकरी इतकी वर्षे केली, किती कलमे तोंडपाठ केली, आणि हे कलम मात्र मण्याला बांधून आल्यानंतर वाचले.

आपले मंडळ बदलीच्या माणसांचे आहे. पन्नास वर्षांत किती कुटुंबे आली आणि गेली! येणाऱ्याला घर शोधून देणे, मुलांना शाळेत प्रवेश मिळवून देणे, जाणाऱ्याचे सामान बांधावयास हात लावणे, हे मंडळाने सदैव केले. त्या यादीत आणखी एक काम घालावे, अशी आमची नम्र सूचना आहे. कचेरीत एक वही ठेवावी. बदली होऊन जाणाऱ्या ज्या कुटुंबास कुत्रे वा मांजर नेणे खरोखरच अशक्य असेल त्याने त्यात नोंद करावी, आणि ज्यांच्या घरी जागा आहे त्यांनीही करावी. अशक्य म्हणण्यापूर्वी मात्र स्टेशनवर चौकशी करावी. पहिल्या वर्गाचा सबंध कूपे आपल्या नावावर असेल तर कुत्र्याला बरोबर नेता येते. नसेल तर गार्डाच्या डब्यात त्याच्यासाठी पेटी असते. भाडे पडते, थोडी धावपळ पडते. आम्ही त्या वेळी ही चौकशीसुद्धा केली नव्हती. पहिल्या नोंदीसाठी आमचे स्वतःचे नाव 'जागा आहे' या रकान्यात लिहावे.

आता आमच्या बालमित्राच्या प्रश्नाकडे वळतो. किल्ल्यात कुत्रा नव्हता का? बाळ, कुत्रा असता तर तो रात्रभर भुंकला असता, आणि पहारेकऱ्यांनी त्याला गप्प बसविले असते. कारण त्या दिवशीचे बिस्किट कुत्र्याने नव्हे, किल्लेदाराने खाल्ले होते. ज्या घरातली मोठी माणसे बिस्किट खातात, तेथे कुत्रा काय करणार?

आमचा मुलगा आज येथे नाही. तो आता मोठा झाला, दूर नोकरीला आहे. त्या रात्री त्याला दिले नाही ते उत्तर आज येथे, तुम्हा सर्वांसमक्ष देत आहोत. होय, आम्ही बिस्किट दिले होते. ते देताना आमचा हात कापला नाही, आणि त्याचीच आज टोचणी लागते. हे भाषण सुवर्णमहोत्सवी अंकात छापून आले की एक प्रत त्याला पाठविणार आहोत.

समुद्रावरून वारा सुटला आहे, चहाही तयार झालेला दिसतो. सकाळपासून आपल्या बसमागे घुटमळणारे ते काळे पिल्लू मुलांच्या घोळक्यात आहे. त्याला काय द्यावयाचे ते द्या, पण जे द्याल त्यामागे दोरी नसू द्या.

जय महाराष्ट्र! जय हिंद!